रॉड इव्हान्स तोतया होता का?

१/ मागच्या धाग्यात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाविषयी लिहिताना मी शेवटी एक वाक्य सहज जोडले होते : रॉक संगीतातही असे तोतये होऊन गेले, उदाहरणार्थ १९८० मधला रॉड इव्हान्स. त्यावर एका वाचकाने विचारले, ‘पण तो त्या बँडचा पहिला गायक होता ना?’ ते वाक्य मागे घेण्यासाठी आजचा धागा.

२/ १९६८ मध्ये इंग्लंडात ‘डीप पर्पल’ उभा राहिला. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रम्सवर इयन पेस, बेसवर निक सिम्पर आणि गायक इव्हान्स. नावही उसनेच, ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्याचे. त्याच वर्षी इव्हान्सने गायलेले ‘हश’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

३/ पुढच्याच वर्षी इव्हान्स आणि सिम्पर यांना वगळण्यात आले. इयन गिलन व रॉजर ग्लोव्हर आले, संगीताचा बाज बदलला आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’सारख्या गाण्यांनी बँड जगभर गाजला. त्या कीर्तीत इव्हान्सचा आवाज नव्हता. ‘कॅप्टन बियॉन्ड’मध्ये काही काळ गाऊन तो संगीतापासून दूर गेला.

४/ १९७६ मध्ये डीप पर्पल फुटला. १९८० मध्ये ते नाव कोणी वापरत नव्हते. तेव्हा एका कंपनीने इव्हान्सला पुढे करून, सोबत चार अपरिचित वादक देऊन, त्याच नावाने कार्यक्रम सुरू केले. श्रोत्यांनी तिकिटे काढली ती ब्लॅकमोर आणि गिलन यांना ऐकण्याच्या आशेने.

५/ कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या कार्यक्रमाच्या वेळी खऱ्या बँडच्या बाजूने ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये जाहिरात झळकली : आमचे नामवंत कलाकार यात नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले. ६,७२,००० डॉलरची भरपाई लादली गेली, आणि इव्हान्सने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या मानधनावरचा हक्कही गमावला. त्यानंतर तो लोकांसमोर आला नाही.

६/ आता पेच पाहा. त्या ‘बनावट’ संचात मूळ पाचांपैकी एक जण होता. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त झाल्यापासून ‘खऱ्या’ डीप पर्पलमध्येही मूळ पाचांपैकी एकच उरला आहे, इयन पेस. मग फरक कशात?

७/ संख्येत नाही. पेसच्या बँडमध्ये माणसे एकेक करून बदलली. प्रत्येक बदल उघड होता आणि श्रोत्यांना ठाऊक होता. इव्हान्सच्या मंचावर मात्र श्रोत्यांची समजूत एक होती आणि समोर दिसत होते दुसरेच. अशा वादात प्रश्न येतो तो तिकीट काढणाऱ्याला काय वाटले याचा. घर प्रथम कोणी बांधले हे तिथे पुरेसे ठरत नाही.

८/ हे लिहिताना माझीच एक गोष्ट आठवते. महाविद्यालयात आम्ही पाच जणांनी एक अभ्यासमंडळ काढले होते. वर्षभरात मतभेद होऊन मी बाहेर पडले. पुढे एका व्याख्यानात निवेदकाने माझी ओळख त्या मंडळाची संस्थापक म्हणून करून दिली. शब्द खरा होता. व्याख्यान मंडळाच्याच वतीने आहे असा सभागृहाचा समज झाला, आणि मी तो दूर केला नाही. टाळ्या गोड वाटल्या.

९/ भाऊसाहेबांच्या तोतयाला १७७६ मध्ये देहदंड झाला. तो भाऊ नव्हताच. इव्हान्स मात्र इव्हान्सच होता. त्याने श्रोत्यांची फसवणूक केली, हे खरे. पण तोतया दुसऱ्याचे नाव घेतो, याने हातून सुटलेले स्वतःचे नाव पुन्हा घेतले. या दोन अपराधांना एकच शब्द वापरणे ही माझी चूक होती.

१०/ २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलचा गौरव केला. सन्मानितांच्या यादीत रॉड इव्हान्स हे नाव होते. सोहळ्याला तो आला नाही.