चौकटीतला हात

पहाटे नाशिक फाट्यावरून चाकणच्या दिशेनं निघालं, की आठवड्यातून एकदा तरी ती दिसते. अंगभर काळ्या-पांढऱ्या रेघांचा गुंता, नाकावर काळं रेक्झिन, दिव्यांच्या जागी नुसत्या फटी. अजून बाजारात न आलेली गाडी. बाळंतिणीच्या खोलीतलं बाळ पहिल्यांदा उन्हात आणावं, तसं तिला झाकून-पाकून रस्त्यावर काढलेलं असतं. त्या रेघा शोभेच्या नसतात. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकारानं जहाजांवर असेच आडवेतिडवे पट्टे रंगवायला सुचवलं होतं. जहाज लपावं म्हणून नव्हे; ते कुठल्या दिशेला चाललंय याचा शत्रूला अंदाज येऊ नये म्हणून. गाडीवरच्या रेघाही तेच करतात. कुठं उंचवटा आहे, कुठं घडी, हे नजरेला सापडू देत नाहीत.

ती सिग्नलला थांबली, की दुचाकीवरची पोरं खिशातून मोबाईल काढतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला ओळखीचा आहे. माझा हात मात्र खिशापर्यंत जातो आणि तिथंच थांबतो. मला अशा एका गाडीचा उघडा चेहरा दिसला होता, जगात कुणालाच दिसलेला नसताना.

तो 2014 चा श्रावण होता. मी चोवीस वर्षांचा, डिप्लोमा करून भोसरी एमआयडीसीत एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला लागलेला. एका मोठ्या कंपनीच्या नव्या गाडीचं ग्रिल आमच्याकडं बनणार होतं. ग्रिल म्हणजे गाडीच्या तोंडावरची जाळी. दिवे डोळे असतील, तर ग्रिल म्हणजे ओठ. गाडी हसरी दिसणार की करारी, ते तिथं ठरतं. मोल्ड नवा होता. पहिली ट्रायल, जिला आम्ही टी-झिरो म्हणतो, फसली होती. टी-वन रात्रपाळीत घ्यायची ठरली.

त्या दिवशी सोमवार होता. गेटवरच्या मामांचा उपास. रात्री दहाला मी आत शिरत होतो, तेव्हा ते डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात बसले होते. स्टाफनं मोबाईल आत न्यायचा, पण कॅमेऱ्यावर स्टिकर लावून, असा नियम. ऑपरेटर आणि हेल्परनी मोबाईल गेटवरच ठेवायचा. मामा रोज अंगठ्यानं दाबून दाबून स्टिकर लावायचे, देवाला गंध लावावं तितक्या मन लावून. त्या रात्री म्हणाले, "रोल संपलाय साहेब, सकाळी येईल नवा. जा तुम्ही. तुम्ही का परके आहात?" आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं, ‘स्टिकर लावला’ या रकान्यात, त्यांनी बरोबरची खूण केली. रकाना रिकामा राहिला असता, तर सकाळी सिक्युरिटीच्या साहेबांनी विचारलं असतं. मग चमचाभर खिचडी माझ्या तळहातावर ठेवली. ती मी खाल्ली.

आत मशीन तापलं होतं. एबीएसचे पांढरे दाणे हॉपरमध्ये ऐंशी अंशांवर सुकत होते. या प्लास्टिकला ओल सोसत नाही. जरा दमट राहिलं, की पिसाच्या अंगावर चंदेरी ओरखडे उमटतात. पुढं त्यावर क्रोम चढायचा होता, आणि क्रोम कुठलाही डाग झाकत नाही, उलट उजळ करून दाखवतो. मशीनवर लातूरकडचा एक मुलगा होता. वीस वर्षांचा, कंत्राटी, कामाला लागून पाच महिने झालेला. सात महिने भरले, की आपल्याला ब्रेक मिळणार हे त्यालाही माहीत होतं. कायद्यानं वर्षभरात 240 दिवस भरले, की कामगाराला काही हक्क लागू होतात. ते भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात घरी बसवायची आमच्या भागातली जुनी रीत.

पहिले काही शॉट वाया गेले. पहाटे तीनच्या सुमाराला मोल्ड उघडला आणि त्यानं आत हात घालून पीस बाहेर काढला. पूर्ण भरलेला. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पातीवर तेवढा थोडा फ्लॅश होता, कडेला बाहेर आलेली कागदासारखी पापडी. बाकी सगळं उतरलं होतं, एकेक पाती, एकेक वळण. वाफाळत्या भाकरीसारखा तो पीस त्यानं दोन्ही हातांवर धरला. आम्ही दोघंही काही क्षण बोललो नाही. ज्या गाडीसाठी माणसं रांगा लावणार होती, तिचा चेहरा आमच्यासमोर होता, आणि तो बघणारे आम्ही दोघंच.

आम्ही जे बनवतो, त्यावर आमचं नाव नसतं. पिसाच्या मागच्या बाजूला पार्ट नंबर असतो आणि नखाएवढं एक चक्र. त्यातला बाण महिना दाखवतो, मधोमध साल असतं. पीस कधी जन्मला ते कळतं, कुणाच्या हातून ते कळत नाही. माझी आई दर सुट्टीत विचारायची, "तू नेमकं काय बनवतोस रे?" मी म्हणायचो, गाड्यांचे पार्ट. ती मान हलवायची, पण तिच्या डोळ्यांपुढं काहीच उभं राहायचं नाही. त्या पहाटे मला वाटलं, हे कुणाला तरी दिसायला हवं. हे मी बनवलं, असं एकदा तरी म्हणायला हवं. मी त्या मुलाला म्हणालो, "जरा उजेडाकडं धर." त्यानं ट्यूबलाइटच्या दिशेनं पीस उचलला. मी मोबाईल काढला.

आज मला हे समजतं की तो पीस जितका माझा होता, तितकाच त्याचाही होता. बनवला त्यानं, तपासला मी. त्यालाही गावी आई होती आणि तीही हेच विचारत असणार. पण त्यानं फोटो मागितला नाही. मीही, "तुला हवा का?" असं विचारलं नाही.

सकाळी खोलीवर आल्यावर मी तो फोटो डिप्लोमाच्या एका मित्राला पाठवला. गाड्यांचं वेड असलेला मित्र. खाली लिहिलं, "कुणाला दाखवू नकोस." त्यानं तो एकालाच पाठवला, हेच वाक्य लिहून. त्यानंही एकालाच पाठवला असेल. विश्वासाच्या अशा किती पायऱ्या उतरत तो फोटो गेला, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी गाड्यांच्या बातम्यांमध्ये तो झळकत होता.

व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोत कुठल्या मोबाईलनं काढला, किती वाजता काढला, ही नोंद राहत नाही. जाता जाता ती पुसली जाते. माझं नावगाव असं पहिल्याच पायरीवर गळून पडलं होतं. पण चौकटीत जे होतं, ते राहिलं. खालच्या कोपऱ्यात आमचा निळा क्रेट होता. फरशीवरचा पिवळा पट्टा होता. आणि पीस धरलेला हात होता, मनगटाशी उसवलेल्या आणि लाल दोऱ्यानं शिवलेल्या हातमोज्यातला.

कंपनीची माणसं आली. त्यांनी तो फोटो मोठा करून छापून आणला होता. टेबलावर पसरला आणि क्वालिटीचा माणूस म्हणून मलाच बोलावलं. "हा कुठल्या ट्रायलचा पीस आहे, सांगता येईल?" माझ्या कामात मी चोख होतो. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पातीवर बोट ठेवून मी सांगितलं, "हा फ्लॅश टी-वनचा. सकाळी मोल्ड टूलरूमला गेला, तिथं तो काढला. म्हणजे पीस रात्रपाळीतला." त्यांनी लिहून घेतलं. पिसाबद्दल मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. माझ्याबद्दल मी एक अक्षरही बोललो नाही.

स्टाफचे मोबाईल तपासले. माझ्यातला फोटो मी आदल्या रात्री पुसला होता. मग रजिस्टर मागवलं. सगळ्या नावांपुढं बरोबरच्या खुणा. तरी फोटो बाहेर गेला, म्हणजे खुणा खोट्या. मामांनी कबूल केलं, "रोल संपला होता." कुणाकुणाला तसंच सोडलं, असं विचारल्यावर म्हणाले, "सगळ्यांनाच." नऊ वर्षं ते त्या गेटवर होते. एजन्सीनं त्यांना सांगितलं, दुसऱ्या साइटवर लावू.

मग तो हातमोजा. लाल दोरा पाहून सुपरवायझरनं मुलाला ओळखलं. तो उभा राहिला. मी चार पावलांवर. "फोटो कुणी काढला?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. तो नुसता थांबला, पुढच्या माणसाला दारातून आधी जाऊ द्यावं तसा. मी खाली पाहिलं. पिवळ्या पट्ट्याचा एक तुकडा फरशीवरून उखडला होता, एवढं मला लख्ख आठवतं. मग तो म्हणाला, "मला माहीत नाही साहेब. माझा मोबाईल तर बटणांचा आहे."

त्याला पत्र वगैरे काही मिळालं नाही. कंत्राटदारानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, तसाही दोन महिन्यांनी ब्रेक मिळणारच होता. मी ते वाक्य उचललं आणि पुष्कळ दिवस त्यावर जगलो. मामांसाठीही एक वाक्य होतं: वय झालं होतं त्यांचं, कधीतरी थांबणारच होते. दुसऱ्याच्या ताटातलं गेलं, की ते तसंही कमीच होतं असं म्हणायला जीभ फार पटकन वळते.

तेव्हापासून अशा बातम्या मी वेगळ्या नजरेनं वाचतो. 2009 च्या जुलैत चीनमधल्या शेंझेनला आयफोनचा एक नमुना हरवला. तो ज्याच्या जबाबदारीवर होता, त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची चौकशी झाली आणि त्यानं इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला. 2017 मध्ये एक मुलगी अमेरिकेत वडिलांना भेटायला त्यांच्या कंपनीत गेली. तिथं कौतुकानं बाजारात न आलेल्या आयफोनचं चित्रीकरण केलं, ते सगळ्यांना दाखवलं आणि वडिलांची नोकरी गेली. तिच्या आनंदात मला माझी पहाट दिसते. त्या वडिलांना निदान कशामुळं गेली हे ठाऊक होतं, आणि मुलीनं आपलं नाव लपवलं नव्हतं. त्याच कंपनीनं त्या वर्षी माहिती फोडणाऱ्या 29 जणांना पकडल्याचं आणि त्यांतल्या 12 जणांना अटक झाल्याचं पुढं प्रसिद्ध झालं. पकडलेल्यांचा आकडा असतो. दुसऱ्याच्या वाटचं ज्यांनी भरलं, त्यांचा आकडा कुठंच येत नाही.

त्या फोटोच्या पुढच्या वर्षी, दसऱ्याला, आमच्या ग्रिलची ती गाडी बाजारात आली. नाशिक फाट्यावर तिचं दोन मजली होर्डिंग लागलं. तीच जाळी, त्याच पात्या, क्रोममध्ये न्हालेल्या. ज्या चेहऱ्यासाठी एवढं सगळं झालं, तो आता भाजीवाल्यालाही फुकट दिसत होता. वर्षभरात ते गुपित गुपित उरलं नव्हतं. तिचा फोटो काढायला आता कुणाची हरकत नव्हती. मी होर्डिंगखाली पुष्कळ वेळ उभा राहिलो. तिथं हात नव्हता.

तो मुलगा मला 2019 च्या दिवाळीत वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर भेटला. भरल्या अंगाचा झाला होता, मिशी ठेवली होती. गावाकडं टेम्पो चालवतो म्हणाला. त्याच्या कडेवर झोपलेली मुलगी होती. मी त्याला बाकावर बसवलं आणि पाच वर्षं घोकून ठेवलेलं सगळं एका दमात बोललो. माफी मागितली. त्यानं मधे तोडलं नाही. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत राहिला. मी विचारलं, "तू त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

त्यानं थोडा विचार केला. त्यालाही हे कुणी पहिल्यांदाच विचारत असावं.

"मला वाटलं, तुमी सांगताल."

तेवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता, तर मला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. लातूर गाडी लागली. त्यानं मुलीला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं पिशवी उचलली आणि पायरी चढताना वळून म्हणाला, "येतो साहेब." साहेब. अजून.

त्या रात्री मी जुन्या कारखान्याच्या मालकांना पत्र लिहिलं. तारीख, पाळी, माझं नाव. फोटो मी काढला, त्या दोघांचा काही दोष नव्हता. पत्र पोहोचल्याची पोच आली, उत्तर आलं नाही. मामांना शोधत दिघीला गेलो. ते राहायचे त्या चाळीच्या जागी पार्किंगवाली इमारत उभी होती. शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं, ते कधीच गावी गेले. कुठलं गाव, ते त्यालाही माहीत नव्हतं. रोज गेटवर भेटूनही मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांचं ते रजिस्टर कुठल्या तरी कपाटात, गठ्ठ्यात बांधून पडलं असेल, किंवा रद्दीत गेलं असेल. पण त्यातलं ते पान मला रोज दिसतं. सोमवार, रात्रपाळी. डावीकडं माझं नाव आणि त्यापुढं, साबुदाण्याच्या तुपाचं बोट लागून किंचित पसरलेली, मामांच्या हातची बरोबरची खूण.