रायफल ३१५ची, पावतीवर ३०३

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात. यंदा आजोबांच्या जुन्या विलायती रायफलीच्या पावतीवर ‘३०३’ लिहून आलं. मंडळी, हा आकडा साधा नाही! ३०३ लष्करी बोअर, सामान्य माणसाला मनाई. ३१५ परवान्यावर चालतं. नळीवरचा शिक्का झिजलेला, परवान्यातला बोअरचा रकाना पुसट.

निकालानंतर रायफल परत मिळाली, तशी थेट बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी रिकाम्या नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकत पार काढला, व्हर्नियरने मोजला. ३०३ असती तर साधारण ०.३११ इंच भरला असता, भरला ०.३२३. (नावातला आकडा नि गोळीची जाडी जुळत नाही, ही वेगळीच गंमत.) मग काडतूस बसतं तिथे वितळलेलं गंधक ओतून साचाही काढला. ३१५च!

दुरुस्तीचा अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, “बघू.”