फजितीचा सातबारा

हसवण्याचा धंदा करणारी माणसे खाजगीत एकमेकांना विनोद ऐकवीत बसत नाहीत, हे त्यांच्या सहवासात थोडा काळ घालवलेल्या कुणाच्याही ध्यानात येईल. विनोद हा त्यांचा विकायचा माल. तो घरात कोण काढतो? बैठकीत निघतात त्या फजित्या. पहिल्याच प्रवेशात पडलेली टोपी, रेडिओवर चुकून चालू राहिलेला माईक, शाळेच्या संमेलनात विसरलेले भाषण, चित्रीकरणासाठी उसना आणलेला आणि नेमका काखेत उसवलेला सदरा. एकाने सांगितली की दुसऱ्याला राहवत नाही, आणि तिसरा तर आपलीच फजिती सर्वांत मोठी होती हे पटवण्यासाठी हमरीतुमरीवर येतो. बाकीचे जग मोठेपणाची चढाओढ करते, ही मंडळी नामुष्कीची करतात. अलीकडे ही बैठक खाजगी राहिलेली नाही. दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती आणि यूट्यूबवरच्या तास-दीड तासाच्या गप्पा यांतून ती घरोघर पोचली आहे. साहित्याच्या वर्गातही तिचा विचार व्हावा, असे मला काही दिवसांपासून वाटू लागले आहे.

आपल्याकडे फजितीचे कथन मुळीच नवे नाही. गंमत अशी, की ते बहुधा प्रथमपुरुषी असते आणि तरीही त्यातला 'मी' लेखक नसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिताना सुदामा उभा केला, त्याच्या जोडीला बंडूनाना आणि पांडूतात्या दिले. चिं. वि. जोशी बडोद्याला पालीसारखी गंभीर भाषा शिकवीत होते. फजित्या मात्र त्यांनी चिमणरावाच्या नावावर केल्या. पु. ल. देशपांडे १९५५ साली आकाशवाणीत गेले, पुढे दिल्लीला दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात त्यांनी काम केले. माध्यमांची आतली बाजू त्यांच्याइतकी जवळून पाहिलेला विनोदकार त्या काळी मराठीत दुसरा नव्हता. पण 'असा मी असामी' लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी 'मी' म्हणून बोलायला बसवला तो धोंडो भिकाजी जोशी नावाचा, कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून. आचार्य अत्र्यांचे 'मी कसा झालो' स्वतःच्या नावावर आहे खरे, परंतु त्याच्या शीर्षकातच माणूस 'झालेला' आहे. तिथे फजिती येते ती पायरी म्हणून. तिच्यावर पाय देऊन लेखक वर चढतो.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर ही त्रयी गावोगाव कथाकथन करीत हिंडली, त्यांचेही तसेच. 'माझ्या बापाची पेंड' हे शीर्षक ऐकून मिरासदारांच्या वडिलांचा शोध घ्यायला कुणी पंढरपूरला गेले असेल असे वाटत नाही. श्रोत्याला हा करार ठाऊक असे. सांगणाऱ्याच्या तोंडी 'माझा बाप' असला तरी तो बाप कथेतला आहे, त्याला दुखावण्याचा प्रश्नच नाही. चिमणरावाला नातेवाईक पुष्कळ, पण त्यांतल्या एकालाही खऱ्या चाळीत राहायचे नव्हते.

आजच्या बैठकीत हा करार मोडलेला आहे. आज मंचावर येणारा आपल्या खऱ्या नावाने, खऱ्या गावाने, खऱ्या बापासकट येतो. ऐकणाऱ्यालाही तेच हवे असते, 'हे खरेच घडले होते' या आश्वासनात निम्मा हशा असतो. मी या बदलाच्या विरोधात नाही. प्रतिनिधी पुढे करून स्वतः सोवळ्यात राहण्यापेक्षा स्वतःच्या नावाने ओशाळे होण्यात धैर्य अधिक आहे. पण जमिनीच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाखेरीज 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो, आणि आमच्या भागात जन्मलेल्या माणसाची नजर आधी तिकडे जाते.

आमचा भाग म्हणजे धरमतर. अंबा नदीची खाडी, खारी जमीन, मिठागरे आणि आता डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या बार्जेस. एके काळी मुंबईहून निघालेली लाँच धरमतरला लागे आणि अलिबागला जाणारे पुढच्या वाटेला लागत. खाडीच्या पलीकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालवला. नारायण नागू पाटलांचे नाव आमच्याकडे अजूनही घराघरांत घेतले जाते. जमीन कसणारा एक, पीक नेणारा दुसरा, ही गोष्ट इथे पुस्तकात वाचावी लागत नाही.

मुंबईच्या हिंदीत 'अलिबाग से आया है क्या' असा एक टोमणा आहे. बावळट, अडाणी, शहराचे वारे न लागलेला असा त्याचा अर्थ. (खाडीच्या या काठावरचे आम्ही पेण तालुक्यातले, पण टोमण्याला तालुक्याची हद्द कळत नाही.) हिंदी चित्रपटांनी आणि विनोदी कार्यक्रमांनी तो देशभर नेला. २०१९ साली अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाने या वाक्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद प्रत्येकच समाजावर होतात, त्यांत अपमान मानून घेऊ नये, अशा आशयाचे उद्गार खंडपीठाने काढले. निकाल योग्यच होता. वाक्यांवर बंदी घालत सुटलो तर मराठी भाषेत म्हणी उरायच्या नाहीत. तरीसुद्धा याचिका करणाऱ्याला हसणाऱ्यांत मी सामील होऊ शकले नाही. विनोद प्रत्येकावर होतो हे खरे, पण तो सांगतो कोण, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. अलिबागच्या माणसाने स्वतः भाऊच्या धक्क्यावर उतरून कसा गोंधळ घातला हे सांगितले तर ती फजिती. तेच मुंबईकराने सांगितले तर टोमणा. दोन्हींत शब्द तेच असतील.

आमच्या आगरी बोलीचे असेच झाले. 'मला'ला 'मना', 'तुला'ला 'तुना', गाडीची 'गारी'. मी पेणला शिकत असताना एका शिक्षकांनी मला 'पाणी' हा शब्द वर्गात तीनदा म्हणायला लावला होता. तिसऱ्यांदा 'ण' नीट उमटला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, असे लिहिले तर ते नाटकी होईल. ऐकू येत नाहीत. पण 'पाणी' म्हणण्याआधी जीभ क्षणभर थांबते, तीस वर्षे मराठी शिकवूनही थांबते. पुढे दूरचित्रवाणीवर अरुण कदम यांचा 'दादूस' आला तेव्हा आमच्या घरी चुलीवरची भाकरी करपली तरी कुणी उठत नसे. आपली बोली पडद्यावर आली याचा आनंद खराच होता. कार्यक्रम संपल्यावर मात्र एक गोष्ट मनात राही, की त्या माणसाचे वाक्य पुरे होण्याआधीच, नुसत्या उच्चारालाच, प्रेक्षागृहातून हशा येतो. वाक्यात काय आहे याची वाट पाहायला लोक तयार नसतात.

काही वर्षांपूर्वी पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची धांदल चालू असताना एका छोट्या कार्यक्रमानंतर अशी एक बैठक मला ऐकायला मिळाली. गच्चीवर चटई, पोह्याचे पापड, आणि हसवण्याच्या व्यवसायातले तिघे. नावे सांगण्याचे कारण नाही. पहिले पन्नाशी ओलांडलेले, तरुणपणी श्रुतिकांत कामे केलेले. त्यांनी आवाजाच्या चाचणीची हकीकत सांगितली. संहितेतली 'गाडी' त्यांच्या तोंडून 'गारी' झाली, काचेपलीकडची मंडळी पोट धरून हसली, आणि त्यांची निवड झाली. मात्र त्यानंतर मिळाले ते गडी, नावाडी, टांगेवाले. "अकरा वरसं एकच गारी चालवली मी," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे खो-खो हसलो. दुसरा मालिकांत लहानसहान कामे करणारा. आपण टीव्हीवर दिसणार म्हणून त्याने सगळ्या आळीला सांगून ठेवले होते. माणसे ओट्यापर्यंत दाटीवाटीने बसली. प्रत्यक्षात पडद्यावर दिसली ती त्याची पाठ, तीही दोन-तीन सेकंद. आळी गप्प. मग त्याची आई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "तो पाठमोरा आमचा." ही हकीकत त्याने आईचा आवाज काढून इतकी सुरेख सांगितली, की मला ती दुसऱ्यांदा ऐकावीशी वाटली.

तिसरी एक तरुण मुलगी होती. मोबाइलवर आगरी बोलीत छोट्या चित्रफिती करते, हजारो लोक पाहतात. तिची पाळी आली. "बाबा मिठागरावं कामाला होतं," तिने सुरुवात केली, "मी कॉलेजला डबा विसरले, तं बाबा तसंच आले, पायांवं सगला चिखल..." आणि ती थांबली. आम्ही वाट पाहत होतो. दोघे पुरुष आधीच हसू लागले होते, कारण अशा बैठकीत सुरुवातीवरूनच शेवट ओळखता येतो. "जाऊ दे," ती म्हणाली. "नाय सांगत." पहिले गृहस्थ म्हणाले, "अगं बाय, सांग की. इथं कोन परकं हाय?" त्यावर ती म्हणाली, "सांगलं तं जोक होल ना त्याचा."

याही वाक्याला हशा आला. तीही हसली, पापड घेतला, आणि गाडी दुसऱ्या रुळावर गेली.

मला ती न सांगितलेली फजिती त्या रात्रीच्या दोन सांगितलेल्या फजित्यांपेक्षा अधिक आठवते. 'तो पाठमोरा आमचा' ही हकीकत सुंदर होती, कारण तिच्यात आईची फजिती होत नव्हती, तीच जिंकत होती. चिखलाच्या पायांनी आलेल्या बापाच्या हकीकतीत लाज वाटली ती मुलीला; पण हशा बसला असता तो बापावर. मालक ती, कूळ तो. ज्याने ते पाय चिखलात घातले त्याचे नाव 'इतर हक्का'तदेखील लागले नसते, आणि हे तिला कुणी समीक्षेचा ग्रंथ न वाचवता कळलेले होते.

शिवाय ती स्त्री होती, ही बाब मला दुय्यम वाटत नाही. वर मी जी नावे घेतली ती सारी पुरुषांची आहेत, ती काही मी निवडून घेतलेली नाहीत. दोन सांगून लिहवलेली आत्मचरित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दादा कोंडके यांचे 'एकटा जीव' अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केले. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' अरुण साधूंनी. दोघेही चित्रपटातले, दोघांचेही सांगणे मोकळे. दादांच्या उचापती वाचक 'काय वल्ली माणूस' म्हणत वाचतो. हंसाबाईंच्या आयुष्यातल्या चुका, दारू, पळून जाणे यांना मात्र कुणी वल्लीपणा म्हटले नाही. त्यांच्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला, तो गंभीर चित्रपट आहे, गंभीरच हवा होता. पण पुरुषाची फजिती किस्सा होते आणि बाईची कैफियत होते किंवा बदनामी, हा भेद तिथे उघड दिसतो. बाईला आपल्या फजितीवर स्वतः हसून दुसऱ्यांना हसवण्याची मुभा फार उशिरा मिळाली. आज विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे मनसोक्त वेडेवाकडे होतात तेव्हा मला आनंद होतो तो त्यामुळे. सदरा फाटला तर हसणे आणि पदर फाटला तर नजर वळवणे, या सवयीतून प्रेक्षकही हळूहळू बाहेर पडत असावा.

या वर्षी मी पदव्युत्तर वर्गाला 'फजिती' याच विषयावर ललित लेख लिहायला सांगितला. तीसपैकी बहुतेकांनी शहरातल्या पहिल्या दिवसाबद्दल लिहिले: सरकता जिना, इंग्रजी, हॉटेलातला काटा-चमचा. वडखळच्या बाजूच्या एका मुलाने लेखाखाली पेन्सिलीने विचारले होते, "मॅडम, लेखात वडिलांचे नाव बदलले आहे, व्यवसायही बदलला आहे. मग हा ललित लेख धरावा की कथा?" मी त्याला वर्गाबाहेर बोलावले आणि ग्रंथालयातून आणलेला 'चिमणरावाचे चऱ्हाट' त्याच्या हातात ठेवला. त्याने तो अजून परत केलेला नाही.