आरसा वर का राहिला?

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे आणि प्रत्येक स्नेहसंमेलनाला गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे सर जाऊन आता बरीच वर्षे झाली. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर काकूंनी तो कॅमेरा शाळेला दिला. आत शेवटचा रोल तसाच आहे, धुवायचा राहिला, एवढेच त्या म्हणाल्या. कॅमेरा आमच्या विज्ञान मंडळाकडे आला तेव्हा मोजणीच्या खिडकीत २२ चा आकडा होता. डोळा लावला तर आत काळोख.

आम्ही म्हणजे आठवी-नववीची सात मुले-मुली आणि दोन शिक्षक. मुलांनी फिल्मचा कॅमेरा हातात घेतलाच नव्हता. त्यामुळे पहिला प्रश्न आला, "सर, चार्जिंग संपलंय का?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ सारख्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली की शटर चालतच नाही. पण त्याच वर्षी आलेला आणि १९९७ पर्यंत बनत राहिलेला पेंटॅक्स के १००० पूर्ण यांत्रिक आहे. त्यातली बटणाएवढी बॅटरी फक्त प्रकाश मोजायला लागते. सरांचा कॅमेरा या दुसऱ्या जातकुळीतला, म्हणून बॅटरी निर्दोष सुटली.

अशा कॅमेऱ्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशांत कललेला आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर फेकतो आणि वरच्या पंचकोनी लोलकातून चित्र सरळ होऊन आपल्याला दिसते. खटका दाबला की आरसा वर जातो, मागचा कापडी पडदा सरकतो, फिल्मवर प्रकाश पडतो. पाठोपाठ दुसरा पडदा येऊन वाट बंद करतो. तो मुक्कामाला पोचला की एक कडी सुटते आणि मगच आरसा खाली येतो. म्हणजे आरशाला खाली येण्याची परवानगी देतो तो दुसरा पडदा. हे एकदा कळले की निम्मे काम झाले.

आरसा वर असणे हा नेहमी बिघाडच असतो असेही नाही. जर्मनीच्या जुन्या एक्झाक्टा कॅमेऱ्यांत फोटो काढल्यावर आरसा वरच राही, पुढच्या फोटोसाठी चावी दिली की खाली येई. १९५४ साली जपानच्या असाहीफ्लेक्स २-बी मध्ये तो आपोआप परतू लागला. शिवाय वेगाची चकती 'बी' वर असेल तर खटका दाबून धरेपर्यंत आरसा वर राहणारच. आमची चकती १/६० वर होती.

आता खरी अडचण. पुन्हा चावी देऊन खटका दाबून पाहावा, असे मुलांचे म्हणणे. पण आत फिल्म होती. रिवाइंडची कळ हलकेच फिरवली तर ताण लागत होता, म्हणजे रोल नक्की भरलेला. मागचे दार उघडले असते तर सरांचे शेवटचे फोटो एका क्षणात गेले असते, आणि पडद्याचे काही बिघडले असेल तर खटक्याच्या प्रत्येक प्रयोगाला फिल्म धोक्यात. मुलांची मते पडली आणि रोल आधी सोडवायचा असे ठरले. आमच्या मते त्या दिवसातला हाच सगळ्यात चांगला निर्णय.

खिडक्या लावून मंद उजेडात भिंग काढले. पडदा पूर्ण बंद होता, कुठे फट नव्हती. लगेच झाकण लावले. मग तळाचे बटण दाबून कळ अगदी सावकाश फिरवली, कारण जुनी फिल्म ठिसूळ होते. एके ठिकाणी ताण एकदम सुटला. फिल्म गुंडाळली गेली की मध्येच तुटली, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून दार उघडले ते पूर्ण अंधार केलेल्या खोलीत, हाताने चाचपत. रोल अखंड होता.

आता आरसा. पडदा मुक्कामाला पोचला आहे, तरीही आरसा वरच. मग त्याला धरून कोण ठेवले आहे? आइस्क्रीमच्या लाकडी काडीने आरशाची चौकट एका कडेला जरा खाली ढकलली. चट् असा आवाज होऊन आरसा खाली आला आणि वरून काळा, चिकट धागा लोंबला.

आरसा वर जाऊन आदळू नये म्हणून तिथे फोमची बारीक पट्टी असते. त्या काळात बहुतेक कंपन्या हाच फोम वापरत. तो पॉलियुरेथेनचा. हवेतला दमटपणा वर्षानुवर्षे शोषून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि फोमचे डांबर होते. बेळगावात जून ते सप्टेंबर दारे फुगतात, पापड सादळतात; कातडी केसात बंद असलेल्या फोमची काय कथा!

काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवून ते डांबर काढायला दोन तास लागले. आरशावर आणि त्याच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनवर कागद धरून बसण्याचे काम आठवीतल्या दोघी मुलींनी पाळीपाळीने केले. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, या आरशाचा पुढे. तिथे बोट किंवा फडके लागले की ओरखडा कायमचा. नवी पट्टी दोन मिलिमीटरची बसवली. जास्त जाड घेतली तर आरसा पुरता वर जात नाही आणि फोटोच्या कडेला सावली येते.

रोल पोस्टाने पुण्याला धुवायला पाठवला. बावीसपैकी नऊ फोटो ओळखता येतात, बाकीच्यांवर धुके आहे. २००४ च्या उन्हाळ्यात पाडलेली आपली जुनी कौलारू इमारत त्यांत आहे: लाकडी जिना, घंटा, चित्रकलेच्या वर्गाची रिकामी खोली. माणूस एकाही फोटोत नाही. काकूंनी ते पाहिले, जिन्याचा फोटो बराच वेळ हातात धरला आणि त्याची एक प्रत मागितली. बाकी फोटो वाचनालयात लावले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी येऊन खोल्या ओळखून द्याव्यात, आम्हाला दोन ओळखता आलेल्या नाहीत.

कॅमेरा फिल्म न घालता प्रत्येक वेगावर वीस-वीस वेळा चालवून पाहिला. एक सेकंदापासून १/५०० पर्यंत आरसा एकदाही अडकला नाही. १/१००० वर मात्र पाच-सहा वेळांत एकदा वर राहतो. तेव्हा काडीने ढकलला तर खाली न राहता पुन्हा वर उसळतो. म्हणजे तो चिकटलेला नाही, कडीच सुटलेली नाही: दुसरा पडदा शेवटच्या टप्प्यात रेंगाळतो. आतले जुने तेल घट्ट झाले असावे. मुलांनी लगेच तेलाची बाटली शोधली. गावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी मात्र बजावले, की बाहेरून सोडलेला थेंब ओघळत पडद्यावर जातो आणि मग सगळेच बसते. त्यासाठी कॅमेरा उघडून साफ करायला हवा आणि ते काम जाणकाराचे.

सभागृहातल्या कार्यक्रमाला १/६० पुरतो. विश्वस्तांनी दोन रोलचे पैसे मंजूर केले आहेत. चकतीवरच्या १००० या आकड्यावर नववीच्या मुलांनी लाल कागदाचा ठिपका चिकटवला आहे. स्नेहसंमेलनात ज्याच्या हाती कॅमेरा येईल त्याने तो काढू नये.