पुदुपेटचं देणं

एग्मोर स्टेशनच्या दक्षिणेला, कूवम नदीला लागून पुदुपेट आहे. चेन्नईतली मोडीत निघालेली गाडी शेवटी इथेच येते असं शहरात म्हणतात, आणि आदितनार सालैवरून चालताना ते पटतं. एका दुकानात नुसते दरवाजे, पुढच्यात नुसती स्टिअरिंगं, त्यापुढे दिव्यांच्या काचा पार छतापर्यंत रचलेल्या. जुन्या माणसांच्या तोंडी या रस्त्याचं नाव अजून हॅरिस रोडच आहे. त्यालगतच्या एका बोळात पंखे, मोटरी आणि रबरी नळ्या विकणारं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या मालकांचं मी देणं लागते. पैशांचा हिशेब केव्हाच मिटला. हे देणं आईच्या दोन महिन्यांच्या श्वासाचं आहे.

त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही भाईच म्हणते.

गाडी माझ्या मामांची. स्टँडर्ड हेराल्ड, १९६६ साली घेतलेली, दोन दारांची. इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेराल्डवरून ही गाडी १९६१ पासून मद्रासजवळ, वंडलूरच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली. आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढलेला, इंजिन ९४८ सीसीचं. मामा साताऱ्याहून त्याच कारखान्यात नोकरीला आले आणि पेरुंगळत्तूरला घर बांधून तिथलेच झाले. १९८८ च्या सुमारास कारखाना थंडावला, पण मामांची हेराल्ड चालत राहिली. ते गेल्यावर घर आणि गाडी माझ्याकडे आली, कारण घरातली मी एकटीच बँकेच्या नोकरीमुळे चेन्नईत होते.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा तिला मी इकडे आणलं. शस्त्रक्रिया एग्मोरच्या सरकारी नेत्र रुग्णालयात झाली. १८१९ साली सुरू झालेलं हे रुग्णालय जगातल्या सर्वांत जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी आईला दृष्टी परत दिली. एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. दोन्ही वेळा सूचना एकच: डोळ्यावर वारा आणि धूळ येऊ द्यायची नाही. पेरुंगळत्तूर ते एग्मोर पंचवीस-तीस किलोमीटर, सगळा रस्ता लॉऱ्या-बसांचा. काच खाली केली की धूळ थेट तोंडावर. वर केली की मे महिन्यातली चेन्नई, इथे ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात ते दिवस. टॅक्सीतल्या थंडगार बंद हवेने आणि अत्तराच्या वासाने आईला मळमळायचं. शिवाय तिचा हट्ट होता, "दादाच्या गाडीतूनच नेशील तर येते." भावाच्या पाठीमागे तिला त्याच्या गाडीत बसायचं होतं. त्या हट्टाला नाही म्हणणं माझ्याच्याने झालं नसतं.

एसी बसवून द्यायला तयार असलेले पुष्कळ भेटले. पण एवढ्याशा इंजिनाच्या गळ्यात कॉम्प्रेसर बांधला तर चढावर गाडी दमते आणि उन्हाळ्यात रेडिएटर उकळतो, हे मामांकडून मी लहानपणीच ऐकलं होतं. मला थंड हवा नको होती. ताजी हवी होती, आणि ती आईच्या डोळ्यांना न लागता आत यायला हवी होती.

भाईंकडे मी फक्त एक पंखा विकत घ्यायला गेले होते. आई मागच्या सीटवर, डोळ्यावर हिरवी पट्टी. भाईंनी विचारलं, कशाला हवाय. मी सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. पुढची सीट वाकवून ते मागे आईच्या शेजारी जाऊन बसले आणि मला काचा वर करायला सांगितल्या. बराच वेळ तसेच बसले. मग घाम पुसत आईला म्हणाले, "अम्मा, खिड़की खुली रखी तो आँख में धूल जाती, बंद रखी तो जान जाती, ऐसाच है ना?"

"अगदी बरोबर बोललात," आई मराठीत म्हणाली. पुढे त्या दोघांचं बोलणं असंच चाललं, त्यांची दखनी आणि आईची सातारी मराठी. कोणाचं कधी काही अडलं नाही.

या व्यवहारात भाईंनी सगळ्यांत आधी सीटवर बसलेल्या माणसाची खबर घेतली. इतर सगळ्यांनी इंजिन पाहिलं होतं. माझ्या ऋणाची सुरुवात मी तिथूनच धरते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलवालीकडून गजऱ्याचा दोरा आणला, त्याचे बोटभर तुकडे केले आणि बॉनेटवर, काचेच्या पायथ्याशी, मागच्या खांबांवर, डिकीच्या कडेला चिकटवले. मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः मोटारसायकलवर बाजूने आले. कुठले दोरे ताठ मागे वळतात, कुठले जागच्या जागी गरगरतात, कुठले चक्क पुढच्या दिशेने फिरतात, ते पाहत होते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा आदळून थबकतो, तिथे दाब वाढतो. गाडीच्या मागच्या अंगाला दाब कमी असतो. हवा आत घ्यायची ती जास्त दाबाच्या जागेतून आणि सोडायची ती कमी दाबाच्या जागेतून. "पहले जाने का रस्ता, बाद में आने का," भाई म्हणाले. बंद डब्यात पंख्याने कितीही हवा कोंबा, जुनी बाहेर पडल्याशिवाय नवी आत येणार नाही. दारांच्या त्रिकोणी काचा तिरक्या केल्या तरी गुदमरायला का होतं, याचंही उत्तर त्यातच होतं. मागून वाट नव्हती.

पुढे मामांच्या ट्रंकेतल्या जुन्या इंग्रजी मोटार मासिकांत मी हेच वाचलं. त्रिकोणी काचा जनरल मोटर्सने १९३३ च्या गाड्यांत आणल्या. १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून, तापवून आत सोडली. आणि १९६४ च्या ऑक्टोबरात फोर्डने कॉर्टिना गाडीत डॅशबोर्डवर हवेची तोंडं आणि मागच्या खांबांवर हवा सोडणाऱ्या जाळ्या दिल्या, तेव्हापासून खिडक्या मिटून ताजी हवा खाणं साध्या कुटुंबाच्या आवाक्यात आलं. फोर्डच्या इंजिनिअरांनी प्रयोगशाळेत जे शोधलं, ते भाईंनी पुदुपेटच्या बोळात गजऱ्याच्या दोऱ्याने शोधलं. मला दोघांचंही कौतुक सारखंच वाटतं.

काचेच्या पायथ्याची जागा दाबाला उत्तम, तरी भाईंनी ती नाकारली. बॉनेटच्या मागच्या फटीतून इंजिनाची गरम, तेलकट हवा तिथेच वर येते आणि तीच आईच्या नाकात गेली असती. त्यांनी तोंड ठेवलं पुढच्या जाळीमागे, दिव्याच्या बाजूला, रेडिएटरच्या उष्णतेपासून दूर. इथे हेराल्डची एक अडचण आली. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट, जाळीसकट अख्खं पुढे कलतं. बॉनेटला नळी जोडली तर ते उघडताच नळी तुटणार. म्हणून भाईंनी नळी चासीला बांधली, तिच्या तोंडाला फोमची जाड कड लावली आणि जाळीमागे तशीच दुसरी कड चिकटवली. बॉनेट मिटलं की दोन्ही कडा एकमेकींवर दाबून बसतात, उघडलं की सुटतात. तीन इंची वळीदार नळी कुठल्याशा लॉरीची होती. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर हीटरसाठी सोडलेलं भोक आमच्या गाडीत झाकणपट्टीने बंद होतं. पट्टी काढली आणि नळी तिथून आत घेतली. बहुतेक आईच्या बंधुप्रेमाचीच काळजी असावी, भाई पुन्हा पुन्हा म्हणत, "भाई की गाड़ी है उनके, काटना नक्को."

पाण्याचाही विचार त्यांनी तेव्हाच केला होता. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि पुढून हवा घेणारी नळी पाणीही घेते. त्यांनी वाटेत पत्र्याची एक पेटी बसवली. हवा आत आल्यावर तिला एकदम वर वळावं लागतं. हवा वळते, पाण्याचे थेंब जड असल्याने वळत नाहीत, खाली पडतात आणि तळाच्या भोकातून रस्त्यावर जातात. वळणानंतर धूळ अडवायला स्पंज, जो साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा बसवता येतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडीच्या नाकावर वाऱ्याचा जोर साधारण १६ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाई. वाटेत तांबरमच्या पुढे, गाडी वेगात असताना, हवा आपसूक येई, पण गिंडीच्या सिग्नलला काहीच नाही. त्यासाठी पंखा हवाच. भाईंनी मोडीतल्या एका छोट्या गाडीचा ब्लोअर काढला. जोडल्यावर वारा आला, पण मरगळलेला. भाईंनी कान लावला आणि हसले. आमच्या हेराल्डमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं होतं, आणि मोटर उलटी फिरत होती. असा गोल पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त फार कमी. त्यांनी वायरी बदलल्या, मोटर बॉडीपासून रबराने वेगळी केली, आणि आईच्या पायाशी गार झुळूक आली. डोळ्यांपर्यंत ती पोचत नव्हती. "आलं बाई," आई म्हणाली. मी ते दोन शब्द अजून विसरलेले नाही.

गाडीला डायनॅमो आहे, अल्टरनेटर नाही. इंजिन मंद चालत असताना तो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून ब्लोअरला दोन वेग ठेवले, आणि रात्री दिवे लागलेले असताना मंदच वापरायचा, हे भाईंनी माझ्याकडून वदवून घेतलं.

आता राहिली जाण्याची वाट. मी सुचवलं, मागे दुसरा पंखा लावून हवा बाहेर ओढू या. भाई पहिल्यांदाच जोरात बोलले, नाही. हेराल्डची पेट्रोलची टाकी डिकीत असते, तिच्या वाफेजवळ ठिणगी उडवणारी मोटर नको. शिवाय पंख्याने हवा ओढली की केबिनमधला दाब कमी होतो, आणि मग प्रत्येक फटीतून इंजिनाचा धूर आत शिरू लागतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, झोपेसारखं वाटतं आणि माणूस जातो. हवा नेहमी आत ढकलायची. त्याच रात्री त्यांनी इंजिनाच्या बाजूला बल्ब पेटवून ठेवला, स्वतः केबिनमध्ये आडवे झाले, आणि जिथून जिथून उजेडाचा ठिपका दिसला तिथे रबर बसवलं. वायरींची, केबलींची, जुन्या स्क्रूंची सगळी भोकं. वयाची साठी ओलांडलेला माणूस पेडलखाली डोकं घालून झोपला होता, आणि आपल्या नात्यागोत्यात नसलेल्या बाईच्या फुप्फुसांची काळजी करत होता.

कापणं एकाच ठिकाणी झालं. मागच्या बंपरआड, सायलेन्सरच्या नळीच्या उलट अंगाला, पंजाएवढं भोक. त्यात नव्या गाड्यांत असते तशी रबरी पडद्यांची चौकट बसवली. आतून दाब आला की पडदे उघडतात, बाहेरून आला की मिटतात. हवा मागच्या सीटच्या फटीतून डिकीत जाते, पेट्रोलचा वास असेल तर तोही घेऊन बाहेर पडते. कापलेला पत्र्याचा तुकडा भाईंनी पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. पुढे कोणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर वेल्डिंग करता येईल म्हणून.

बिल त्यांनी भंगाराच्या वजनाने लावलं. मजुरी लावलीच नाही. मी हट्ट केला तेव्हा म्हणाले, असा जुना डबा घेऊन कोणी अडलेला आला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आई बरी होऊन साताऱ्याला परतली. भाईंना तिने नीट पाहिलं ते निघायच्या आदल्या दिवशी. तोवर ती त्यांना आवाजानेच ओळखायची. त्यांच्या घरी तिने मेतकूट आणि लसणीची चटणी दिली, आणि दर फोनवर माझ्या आधी त्यांची चौकशी केली. ती गेली तेव्हा भाई पेरुंगळत्तूरला आले, मामांच्या अंगणात बसले, फार बोलले नाहीत. जाताना ब्लोअरला तेल दिलं.

त्यांचं सांगणं मी पाळते आहे. गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या एका गृहस्थांनी असंच काही करता येईल का म्हणून विचारलं, त्यांच्या वडिलांना दमा आहे आणि घरची प्रीमियर पद्मिनी विकायची नाही. मी पाण्याच्या पेटीचं माप काढलं, रबरी पडद्यांचे फोटो घेतले आणि पाठवण्याआधी भाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला आणि सगळं बाजूला सारलं. आधी विचारा, म्हणाले, वडील पुढे बसतात की मागे, टाकी कुठे आहे, आणि दोऱ्याचे तुकडे लावून गाडी चालवून पाहिली का. ते तीन प्रश्न मी तसेच कोल्हापूरला कळवले. उत्तरं आल्यावर दोन रविवार बसून भाईंनी पद्मिनीसाठी नवं चित्र काढलं.