वाटेचे शब्द

नाणेघाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. आत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख, नागनिका राणीच्या यज्ञांचा आणि दानांचा. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या, वरची नावं मात्र राहिली. त्या नावांखालची रिकामी भिंत पाहिली, की मला घाटवाटा आठवतात.

एकदा नाणेघाटाजवळच्या घाटघरमध्ये एका घराच्या पडवीत मी सर्वेक्षण विभागाचा नकाशा पसरून बसलो होतो. एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी समोच्च रेषा. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजली, तिथपासून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हा देश कागदावर उतरला. त्या चिकाटीपुढे मी मनापासून नमतो. पण कड्यापाशी रेषा दाटल्या होत्या आणि मला हवी असलेली तुटक पायवाट त्यांत हरवली होती.

त्या घरातल्या आजी तांदूळ निवडत होत्या. सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, "या सोंडंनं उतर बाबा. खाली पदर लागंल. पदरात मोठा आंबा हाय, त्याच्या बुडाशी पानी. फुडं नाळ दिसंल, तिच्यात शिरू नगं. दगुड सुटल्यात. डाव्या अंगाला ढोरवाट हाय, ती धर."

सोंड म्हणजे हत्तीच्या सोंडेसारखी खाली उतरत गेलेली डोंगराची धार. पदर म्हणजे कडा आणि पायथा यांच्या मधली झाडीची सपाटी, जिथे छाती भरून श्वास घेता येतो. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उभी घळ, जिच्यातून पाणीही येतं आणि दगडही. सह्याद्रीचा उतार या तीन शब्दांत मावतो. शिवाय कुठे पाय टाकायचा, कुठे टेकायचं, कुठे जपायचं, तेही त्यांतच कळतं.

आजींनी या वाटेनं हिरड्याची गाठोडी वाहिली होती. वाट कुठे वळते, ते मानेवरच्या ओझ्यानं ठरवलेलं असतं. खुद्द नाणेघाटही तसाच. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे निघालेला माल जनावरांच्या पाठीवर याच चढानं यायचा, म्हणून खडकात पायऱ्या आहेत, पाण्याची टाकी आहेत, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे.

आता माणसं माळशेजच्या रस्त्यानं जातात. पाय थांबले की कारवी एक-दोन पावसाळ्यांत वाट गिळते. लेण्यातली नावं दगडात होती म्हणून टिकली. सोंड, पदर, नाळ हे शब्द फक्त तोंडात आहेत, आणि ती तोंडं म्हातारी होत चालली आहेत.

मी पेन्सिल काढली. दाटलेल्या रेषांच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं: पदर, आंबा, पाणी. नाळ टाळणे. डावीकडे ढोरवाट. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पहिल्यांदाच कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पानी मार्गशीर्षापत्तूरच असतंय. त्ये बी लिव."