इरोरी आणि सव्वादोनशे किलो रद्दी

पोस्ट मोठी आहे, आणि अर्ध्याहून पुढे माझीच चूक आहे. तरी गावातल्या, तालुक्यातल्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार मित्र घेऊन माडीवर बसला, आणि रात्री बारा वाजले तरी फासे टाकल्याचा आवाज थांबेना. मी तडकलो. घरात जुगार चाललाय की काय! तणतणत वर गेलो, तर ना पैसे ना पत्ते. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा एक फासा, आणि मध्ये बसून गोष्ट सांगणारा एक पोरगा. बाकीचे त्या गोष्टीत शिरलेले.

खेळाचं नाव पाथफाइंडर. अमेरिकेतल्या पायझो नावाच्या कंपनीनं 2009 मध्ये काढलेला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट पुढं न्यायची, आणि जिथं अडेल तिथं फासा टाकायचा. आमचे चिरंजीव त्यात पुजारी झाले होते. कुणाचे, तर इरोरी नावाच्या देवाचे.

"कसला देव रे हा?"

"ज्ञानाचा, काका. आणि स्वतःवर ताबा मिळवण्याचा."

"म्हणजे आपली सरस्वतीच की."

"नाही हो. हा आधी साधा माणूस होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या खेळाच्या जगात वुद्रा नावाचा देश आहे, बराचसा आपल्या भारतावर बेतलेला. इरोरी तिथला. त्या जगात माणसाला देव व्हायचा एक शॉर्टकटही आहे. एक जादूचा दगड आहे, त्याची परीक्षा पार केली की झालात देव. एक पठ्ठ्या तर दारूच्या नशेत पैजेवर गेला आणि देव होऊन बाहेर आला! इरोरीनं मात्र त्या दगडाला हात लावला नाही. शरीर, मन आणि बुद्धी यांवर काम करत करत तो देवपदाला पोचला. त्याचं शस्त्र म्हणजे रिकामा हात. भक्तांनी आपली हुबेहूब नक्कल करावी असंही त्याला वाटत नाही, प्रत्येकानं आपली वाट आपण शोधायची.

मला मजा वाटायला लागली. म्हटलं, याचं सोवळंओवळं काय? पोरानं वाचून दाखवलं. नम्र राहायचं, शिस्त पाळायची, स्वतःला सुधारत राहायचं आणि दुसऱ्याला सुधारायला मदत करायची. आणि तीन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. व्यसन लावून घ्यायचं नाही. पुन्हा पुन्हा स्वतःवरचा ताबा सोडायचा नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाचा ग्रंथ नष्ट करायचा नाही.

तिसऱ्यावर मी गप्प झालो.

5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. 1917 मध्ये स्थापन झालेली संस्था. महाभारताची चिकित्सक आवृत्ती जिथं जवळजवळ पन्नास वर्षं खपून तयार झाली, ती. कपाटं फुटली, पोथ्या-पुस्तकं जमिनीवर आली. मी तेव्हा शाळेत शिक्षक होतो. इतका संतापलो की मुलांचा तास सोडून त्यावरच बोललो. कट्ट्यावर, लग्नात, एसटीत, भेटेल त्याला ऐकवायचो, पुस्तकावर हात उचलणारा समाज रसातळाला जातो म्हणून.

आता 2016 चं ऐका. मी गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. दसऱ्याच्या आधी साफसफाई निघाली. आतल्या खोलीत पत्रा गळत होता, दोन कपाटांना वाळवी लागली होती. अनुदान वेळेवर येत नव्हतं. बैठकीत ठराव आला: 'जुनी व जीर्ण पुस्तके बाद करावीत'. मी अनुमोदन दिलं. चहा आला, विषय संपला.

रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. सव्वादोनशे किलो भरलं. नऊ रुपये किलोनं 2,025 रुपये आले, त्यात चुना आणि दोन ट्यूबलाइट झाल्या. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, उरलेल्या पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. नारळ मीच फोडला.

नंतर कधीतरी दाखल नोंदवही चाळताना एका ओळीवर बोट थांबलं. 'मोडी बाडे, नग 3, देणगी.' विषयाच्या रकान्यात काहीच नाही. शेरा: बाद. गावातल्या एका जुन्या वाड्यातून ती आली होती. त्यात काय होतं? एखाद्या दुष्काळाचा हिशोब असेल, पाण्याच्या पाटाची वाटणी असेल, नुसती देणी-घेणी असतील. आता कुणालाच कळणार नाही, कारण वाचायची तसदी कुणी घेतलीच नाही. मीही नाही. नऊ वर्षं हे मी कुणाला बोललो नव्हतो.

त्या रात्री पोरांसमोर बोललो. भांडारकरात जमाव होता, आमच्याकडं रद्दीवाल्याचा काटा होता, एवढाच काय तो फरक. तिथं निदान आरडाओरडा झाला, पेपरात आलं, लोक हळहळले. आमच्याकडं ठरावाला सूचक होता, अनुमोदक होता, इतिवृत्तात नोंद होती. बोंब मारायला कुणी उरलंच नाही.

पुतण्या जरा वेळानं म्हणाला, "काका, गेममध्ये पुजाऱ्यानं नियम मोडला तर त्याच्या शक्ती जातात. पण प्रायश्चित्त करता येतं."

"काय करायचं असतं?"

"ते तुम्ही ठरवायचं. देव सांगत नाही."

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी किल्ली मागून घेतली आणि आम्ही दोघं वाचनालयात गेलो. तीन दिवस लागले. दाखल नोंदवही आणि कपाटं ताडून पाहिली. खालच्या फळीवर, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागं, फडक्यात बांधलेलं आणखी एक मोडी बाड निघालं. कडा कसरीनं खाल्ल्यात, पण अक्षर शाबूत आहे. पोरानं मोबाइलवर एकेका पानाचे फोटो काढले. माझं काम पान धरायचं. घाई करू नका, असं तो मला चार वेळा म्हणाला.

राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. मी तूर्त घरीच मुळाक्षरं गिरवतोय. वय त्रेसष्ट, हात थरथरतो, आणि अजून एक आख्खी ओळ लागत नाही. संताप करणं फार सोपं होतं, हे आता कळतंय. स्वतःवर ताबा म्हणजे मला आजवर राग गिळणं वाटायचं. कंटाळवाणं काम रोज नेमानं करणं हाही ताबाच आहे. हे मला एका खोट्या देवानं शिकवलं, त्याला काय करणार!

मंडळी, विनंती एवढीच. आपापल्या गावच्या वाचनालयात एकदा जा. पुस्तकं बाद करायचा ठराव आला तर यादी मोठ्यानं वाचायला लावा. हस्तलिखित, मोडी, जुनी दप्तरं दिसली तर काट्यावर जाण्याआधी जाणकाराला दाखवा, निदान फोटो तरी काढा. आणि आपल्या तालुक्यात मोडी वाचणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये कळवा. आमच्याकडं एक बाड उघडं पडलंय, आणि वाचणारं माणूस अजून सापडलेलं नाही.